काचेच्या कपाटातला कन्सोल

मित्रांनो, हल्ली मला पहिल्यांदा बघणारी मुलं विचारतात, "हा राउटर आहे का?" मी रागावत नाही. रंग राखाडी, अंग चौकोनी, पुढे वायरींसाठी दोन भोकं आणि डोक्यावर एक फट. ओळखायचं तरी कसं त्यांनी? मी एक जुना गेम कन्सोल आहे. फटीत खेळाची डबी, म्हणजे कार्ट्रिज, खोचायचं, वायर टीव्हीला जोडायची, बटण सरकवायचं, की पडद्यावर खेळ सुरू. मध्ये बरीच वर्षं तो सुरू झालाच नाही. आणि पुन्हा सुरू झाला तेव्हा मायलेकींचं भांडण झालं. ते सांगण्यासाठीच आज बोलतो आहे.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथे पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझी सगळी बटणं दाबून पाहिली, कान देऊन त्यांचा आवाज ऐकला आणि मला पुढे सरकवलं. मग जहाज, मग गोदाम, आणि शेवटी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या एका दुकानाची खिडकी. समोर बसस्टॉप होता. बसची वाट बघणारी मुलं काचेला नाक लावून उभी राहायची, आणि मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

मला विकत घेतलं ते डॉक्टर शशिधर यांनी. ते मिरजेहून इथल्या हॉस्पिटलात नोकरीला आले होते. बायको सुमेधा आणि सहा वर्षांची मुलगी शाल्मली नुकत्याच त्यांच्यामागोमाग आल्या होत्या.

"अहो, हे काय आणलंत? चार पुस्तकं आणायची सोडून!" सुमेधाताई म्हणाल्या.

"अगं, वर्गातली सगळी मुलं ह्याच्याबद्दलच बोलतात म्हणे. हिला बोलायला काहीतरी हवं ना."

ते खरंच होतं. शाल्मलीला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं. शाळेच्या मैदानात ती भिंतीला टेकून उभी असायची, आणि घरी येऊन कोणालाच काही सांगायची नाही.

माझ्याबरोबर एकच खेळ आला होता. त्यात पिवळा रेनकोट घातलेला एक बुटका माणूस हातात कंदील घेऊन दीपगृहाचे मजले चढतो. पायऱ्या ढासळतात, लाटा अंगावर येतात, समुद्रपक्षी चोची मारतात. अगदी वर पोचून मोठा दिवा लावायचा. पडलात, की पुन्हा तळापासून. शाल्मली रोज पडायची. पण शाळेत "तू कितव्या मजल्यावर आहेस?" एवढा प्रश्न विचारण्यापुरतं इंग्रजी तिला ह्या खेळानेच शिकवलं. महिन्याभरात एक मैत्रीण घरी खेळायला आली. त्या दिवशी माझ्यावर बिस्किटाचा चुरा सांडला, आणि सुमेधाताईंनी तो न कुरकुरता पुसला.

आता सांगतो ते मात्र त्या घरात फक्त सुमेधाताईंना आणि मला ठाऊक होतं.

सुमेधाताईही डॉक्टर होत्या, लहान मुलांच्या. मिरजेला त्यांच्या दाराशी रांग असायची. इथे काम करायचं तर आधी परीक्षा देणं भाग होतं, आणि पहिल्या खेपेला त्या नापास झाल्या. निकाल कळला त्या दिवशी नवरा ड्यूटीवर होता, मुलगी शाळेत. त्या बाहेरून आल्या आणि कोटसुद्धा न काढता गालिच्यावर बसून राहिल्या. मग हात लांब करून त्यांनी माझं बटण सरकवलं. कदाचित खोलीत काहीतरी आवाज हवा होता म्हणून.

बुटका माणूस पहिल्याच पायरीवर पडला. त्या हसल्या. पुन्हा पडला. त्यांनी कोट काढला.

त्यानंतर रोज दुपारी, अभ्यासाची पुस्तकं मिटली, की त्या थोडा वेळ माझ्यापाशी बसत. शाल्मली कार्ट्रिजमध्ये फुंकर मारायची, त्या मात्र कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून त्याचे पितळी दात पुसायच्या, जणू इंजेक्शनच द्यायचं आहे. कुठली पायरी ढासळते, कुठला पक्षी कधी वळतो, सगळं त्यांच्या बोटांना कळायला लागलं. मी परीक्षकांसारखे त्यांचे उच्चार तपासत नव्हतो, अनुभवाचा दाखला मागत नव्हतो. चुकलं, तर पुन्हा पहिली पायरी दाखवत होतो, एवढंच. दुसऱ्या परीक्षेच्या आधी एके दुपारी त्यांनी वरचा दिवा लावला. लहानशी धून वाजली, पडद्यावरचा समुद्र उजळला. बघायला कोणी नव्हतं. त्यांनी मला बंद केलं आणि शाल्मलीला आणायला शाळेत गेल्या.

त्या पास झाल्या, हॉस्पिटलात रुजू झाल्या, आणि पुन्हा माझ्याकडे वळल्या नाहीत. उलट, "बंद कर गं ते, डोळ्यांची वाट लागेल," असं मुलीला ओरडू लागल्या. मला वाईट वाटलं, पण फार नाही. त्यांना आता माझी गरज उरली नव्हती.

पुढे माझ्याहून वेगवान यंत्रं आली. मला खोक्यात घालून लॉफ्टमध्ये ठेवलं. तिथली थंडी आणि ओल अंगात मुरली. खालून कधी वाढदिवसाची गाणी ऐकू यायची, कधी व्हॅक्यूम क्लीनरचा आवाज. एका वर्षी बऱ्याच माणसांची पावलं आणि दबकी बोलणी ऐकू आली. नंतर कळलं, शशिधर गेले होते.

मग एका सकाळी खोकं उघडलं. समोर शाल्मली होती, आता चाळिशीला टेकलेली, कपाळावर चष्मा. "अरे! हा अजून आहे!" ती म्हणाली, आणि तिथेच माळ्यावरच्या धुळीत मांडी घालून बसली.

नॉटिंगहॅमचं घर विकायचं ठरलं होतं. सुमेधाताई मुलीकडे बेसिंगस्टोकला राहायला आल्या, आणि त्याच गाडीतून मीही आलो. शाल्मली तिथल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायची आणि तिला जुने कन्सोल जमवायचा नाद होता. बैठकीच्या खोलीत काचेचं कपाट, आत दिवे, त्यात माझे कितीतरी भाऊबंद. बाजूला काचेचा जुना जाडजूड टीव्ही, कारण नव्या टीव्हीवर आमची चित्रं नीट उमटत नाहीत. क्रॉयडनहून विनय नावाचा तिचा मित्र यायचा, त्यालाही हाच छंद. दोघांनी मिळून मला उघडलं, साफ केलं, गंजलेले सांधे नव्याने जोडले. मी सुरू झालो! त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग शाल्मलीने मला बंद केलं, मऊ फडक्याने पुसलं आणि कपाटात मधोमध ठेवून दिलं.

"खेळणार नाहीस?" विनयने विचारलं.

"नको रे. हा माझा पहिला. काही झालं तर?"

सोफ्यावर बसलेल्या सुमेधाताई माझ्याकडे बघत होत्या. हल्ली त्या फारसं बोलतच नसत. आल्यावर काही दिवसांनी त्यांच्या हातून दूध उतू गेलं होतं आणि शेगडी तशीच चालू राहिली होती. तेव्हापासून शाल्मली कामावर जाताना शेगडीला कुलूप लावायची. थर्मासमध्ये चहा, डब्यात जेवण. "आई, तू बस. मी करते ना सगळं." तिचा जीव होता आईवर, म्हणूनच करत होती. पण मी कपाटातून बघत होतो. सुमेधाताई खिडकीशी बसायच्या, दुपार सरायची, थर्मासमधला चहा तसाच राहायचा.

एकदा शाल्मलीची मीटिंग रद्द झाली आणि ती दुपारीच घरी आली. बघते तर कपाट उघडं, टीव्ही चालू, आणि आई गालिच्यावर गुडघ्याखाली उशी घेऊन बसलेली. हातात माझा कंट्रोलर.

"आई! हे काय करतेयस?"

"खेळतेय."

"कोणी सांगितलं तुला कपाट उघडायला? किती डेलिकेट आहे ते! पार्ट्स मिळत नाहीत ह्याचे. मला विचारायचं तरी!"

सुमेधाताईंनी कंट्रोलर खाली ठेवला. "चहा करायचा तर विचारायचं, बाहेर जायचं तर विचारायचं. आता हेही विचारायचं का गं?"

"तू गॅस चालू ठेवली होतीस, आई! मी घरी नसते तर?" रागात शाल्मलीचं मराठी नेहमी असंच अडखळतं.

"एकदा, शाल्मली. एकदा झालं तसं. तळहातावर मावतील एवढी बाळं सांभाळलीयत मी वॉर्डात."

"दॅट वॉज देन, आई."

पडद्यावर बुटका माणूस एकाच जागी उभा होता आणि पक्षी त्याला टोचत होते.

"नॉटिंगहॅमला वयस्कर माणसांसाठी फ्लॅट आहेत," सुमेधाताई शांतपणे म्हणाल्या. "स्वतःचं स्वयंपाकघर, आणि खाली मदतीला माणूस असतं. मी फोन केला होता. जागा आहे म्हणाले."

शाल्मली मटकन खाली बसली. "माझ्याकडे राहायचं नाही तुला?"

"तुझ्याकडे राहायचंय गं. पण असं ठेवल्यासारखं नाही."

शाल्मलीने डोळे पुसले आणि नुसतंच पडद्याकडे बघत राहिली. थोड्या वेळाने तिच्या कपाळावर आठी पडली.

"आई, हा सातवा मजला आहे."

"हो."

"मी लहानपणी सहाव्याच्या वर कधी गेलेच नाही. तू आज पहिल्यांदा खेळतेयस ना?"

सुमेधाताईंनी थोडा वेळ बोटाचं पेर चोळलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. ती दुपार, तो न काढलेला कोट, तो निकाल.

"तू नापास झाली होतीस?" शाल्मलीचा विश्वास बसेना. "मला का नाही सांगितलं कधी? शाळेत जीसीएसईच्या परीक्षेत मॅथ्समध्ये मार्क कमी पडले तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. मला वाटायचं, ह्या घरात फक्त मीच..."

"तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. तुला शाळेत कोणी खेळायला घेत नव्हतं. त्यात माझं कुठे सांगू? आणि पुढे... पुढे सांगायचं राहूनच गेलं. तुला वाटायचं आईला सगळं येतं. तेवढंच बरं वाटायचं मला."

शाल्मली कोट घातलेलीच आईला खेटून बसली. "दाखव ना, आठव्यावर कसं जायचं."

"डावीकडून. उजवीकडचा कठडा पडतो. थांब, पक्षी वळू दे. हं, आता!"

किती वर्षांनी माझ्यासमोर कोणी असं ओरडलं होतं! दोघी आळीपाळीने खेळल्या, एकमेकींना नावं ठेवत, हसत. आणि नेमकं तेव्हाच माझ्या आत काहीतरी फटकन् तुटलं. पडद्यावर आडव्या रेघा आल्या आणि अंधार झाला.

सुमेधाताईंचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे झालं."

शाल्मलीच्या घशाशी आलेलं उत्तर मला दिसलं. तिने ते गिळलं. "नाही गं आई. आपण खेळत होतो."

त्या शनिवारी विनयने मला उघडून आतला एक वाळलेला भाग चिमट्यात धरून दाखवला. "हा कपाटातसुद्धा गेलाच असता. कळलं नसतं, एवढंच. चालवला म्हणून वेळेत सापडला." नवा भाग बसवल्यावर मी पुन्हा सुरू झालो.

फ्लॅटचं मात्र बदललं नाही. शाल्मलीने पुष्कळ समजावलं, शेगडीचं कुलूपही काढलं. सुमेधाताईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "रागावून जात नाहीये गं. अजून जमतंय तोवर जगून बघते." निघायच्या दिवशी शाल्मलीने मला बबलरॅपमध्ये गुंडाळलं, शेजारी तो जाडजूड टीव्ही ठेवला.

"कलेक्शनमधला पहिला पीस देऊन टाकतेस?" विनय चकित झाला.

"देत नाहीये. तो आधी तिचा होता, मलाच माहीत नव्हतं."

तर मित्रांनो, मी पुन्हा नॉटिंगहॅमला आहे. सुमेधाताईंच्या फ्लॅटमध्ये मला खिडकीजवळ ठेवलं आहे. उन्हाने माझा रंग पिवळट होत चालला आहे. पाठीवर चहाचा एक डाग आहे, तो शेजारच्या मॉरीनबाईंनी पाडला. पूर्वी त्या बस चालवायच्या, आणि बुटक्या माणसालाही बस चालवल्यासारखं जपून वळवतात. सुमेधाताईंचा अंगठा खेळून सुजतो, मग त्या दोन दिवस विश्रांती घेतात आणि मलाही देतात. मधूनमधून त्या काही विसरतात. एकदा मीच रात्रभर चालू राहिलो होतो, पण ते त्यांनी शाल्मलीला सांगितलं नाही, आणि मीही सांगणार नाही.

शाल्मली पहिल्यांदा भेटायला आली तेव्हा सुमेधाताई पिठलं करत होत्या. शाल्मलीची नजर दोनदा शेगडीकडे गेली. दोनदा ती उठायला निघाली. पण उठली नाही. कंट्रोलरची वायर बोटांत घट्ट गुंडाळून बसून राहिली, पान वाढून येईपर्यंत. तेवढं बसणं तिला किती जड गेलं, ते मला त्या वायरीतून कळत होतं.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्या घरात असतील, तर त्यांच्यावरची धूळ झटका, त्यांच्या तारा सांभाळा, ओलीपासून त्यांना जपा. तुम्ही जपता म्हणूनच आम्ही आहोत. पण जपून झालं, की एकदा आम्हाला चालूही करा. आम्ही अडखळू, गरम होऊ, कधी मधेच बंदही पडू, तेव्हा हळहळा आणि पुन्हा उघडून बघा. आणि घरातलं एखादं जुनं माणूस खिडकीशी गप्प बसलेलं दिसलं, तर त्याच्या अंगावर शाल घालण्याआधी त्याला एवढं विचारा, "खेळणार का?"