चेटकिणीच्या हातातली काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. इटलीतल्या तुरीन शहरात, छत्र्या आणि काठ्या बनवणाऱ्या एका कारागिराकडे माझा जन्म झाला. चेस्टनटची फांदी वाफेवर मऊ करून त्याने माझी मूठ वाकवली आणि पायात लोखंडी टोपण बसवले. मला वाटले होते, एखाद्या आजोबांबरोबर नदीकाठी फिरायला मिळेल. पण मला विकत घेतले ते एर्सीलियाबाईंनी.

बाई नर्तिका होत्या. रंगमंचावर पडून त्यांचा गुडघा कायमचा गेला, तेव्हा त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या एका मोठ्या खोलीत मुलींसाठी नृत्यशाळा काढली. चालताना मी त्यांचा पाय होते आणि शिकवताना त्यांचा ताल. लाकडी जमिनीवर माझे ठोके पडत आणि बाईंचा आवाज घुमे, "एक, दोन, तीन... नीवेस, हनुवटी वर! चार!"

खालच्या मजल्यावरचे शिंपी उंबेर्तो दर आठवड्याला जिना चढून तक्रार करायला येत.

"बाई, तुमच्या ठोक्यांनी माझ्या कॉफीत चुना पडतो हो!"

"मग कपावर बशी ठेवा. मुलींचे पाय मी थांबवणार नाही."

हसत हसत ते परत जात. आणि एक गोष्ट मी तुम्हाला शपथेवर सांगते. तेवीस वर्षांत बाईंनी मला एकाही मुलीच्या अंगाला लावले नाही. रागावल्या की त्या मला भिंतीला टेकवून ठेवत आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहत. एवढाच त्यांचा राग.

मग चित्रपटवाले आले. त्यांची गोष्ट एका नृत्यशाळेची होती. तिथल्या शिक्षिका चेटकिणी असतात आणि नाचणाऱ्या मुलींचे तारुण्य चोरून घेतात. त्यांना बाईंची खोली आवडली, मुली आवडल्या आणि मीही आवडले.

बाई पोट धरून हसल्या. "माझ्या शाळेत चेटकिणी? अहो, इथे एक मुलगी वेळेवर येत नाही, मंत्र कुठून शिकणार!"

तरी त्यांनी जीव ओतून बारा मुलींचा एक नाच बसवला. अकरा मिनिटांचा. लाल दिव्यांच्या उजेडात रोमहून आलेली एक नटी मला हातात धरून मधोमध उभी राहिली. माझा ठोका पडला की चित्रपटगृहात माणसे दचकून शेजाऱ्याचा हात धरत. माझे खूप कौतुक झाले. बाईंचे नाव मात्र पडद्यावर कुठेच आले नाही.

त्या नाचात सर्वांत पुढे होती नीवेस. वय वर्षे एकोणीस, बाईंची सर्वांत लाडकी. चित्रपट गाजल्यावर एका वार्ताहराने तिला विचारले, "तुमच्या खऱ्या बाई कशा आहेत हो?"

भोवती पाच-सहा जण उभे होते. नीवेसला ऐट वाटली. ती म्हणाली, "पडद्यावरची चेटकीण परवडली! आमच्या बाई त्याच काठीने फोडून काढतात."

सगळे हसले. दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात छापून आले. शेजारी माझा फोटो.

पहिली आई सोमवारी आली. "आमची रोझाल्बा उद्यापासून यायची नाही."

"का हो? काय झालं?"

"ते तुम्हीच वाचा," असे म्हणून तिने मुलीचा हात ओढला.

ईस्टरपर्यंत बत्तीस मुलींच्या पाच उरल्या. उन्हाळ्यात शाळा बंद झाली. सामान बांधायच्या दिवशी नीवेस दारात येऊन उभी राहिली. बाईंनी तिला एका शब्दाने विचारले नाही. त्यांनी मला तिच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "ही तू ठेव. मला आता डोंगरात बहिणीकडे राहायचंय. तिच्याकडे तिच्या नवऱ्याची काठी आहे."

बाई सहा वर्षांनी तिकडेच वारल्या. नीवेसने मला कपाटामागे ठेवले आणि त्यानंतर चाळीस वर्षे तिथेच राहू दिले. मित्रांनो, माझा तिच्यावर राग नव्हता. तिला माझ्याकडे बघवत नसे, हे मला कळत होते. धूळ साचली, टोपण गंजले. भिंतीपलीकडे कोणाचा रेडिओ लागला की मी मनातल्या मनात ठोके मोजत असे.

मग लिव्हिया आली. तरुण दिग्दर्शिका. तो जुना चित्रपट तिला नव्याने करायचा होता.

"नीवेसबाई, जुन्या चित्रपटात तो नाच तुकड्यातुकड्यांत आहे. कुठे नुसते पाय, कुठे नुसते चेहरे. अख्खा नाच आता फक्त तुमच्या अंगात उरलाय."

"माझ्या अंगात आता सांधेदुखी उरलीये, पोरी."

"मग सांधेदुखीसकट या!"

नीवेसने उठून कपाट सरकवले.

बंद पडलेल्या कारखान्याच्या दालनात तालीम सुरू झाली. पहिला ठोका पडला, तेव्हा मी गंजासकट थरथरले. पाच आठवडे नीवेस खुर्चीत बसून शिकवत होती. सातव्या मिनिटाची गिरकी मात्र तिने उठून स्वतः करून दाखवली. मुली श्वास रोखून बघत होत्या.

वार्ताहरांना बोलावले त्या दिवशी, जाहिरातीचे काम बघणारा रुजेरो तिच्या कानाशी लागला. "बाई, तोच जुना किस्सा सांगा हं. मारकुट्या बाईंचा. लोक त्याच्यासाठीच येतील."

पहिलाच प्रश्न आला, "या काठीने म्हणे तुमच्या पायांवर वळ उठायचे?"

माझ्या मुठीवरचा तिचा तळवा घामाने ओला झाला.

"नाही," नीवेस म्हणाली. "ही काठी कधी एका मुलीला शिवली नाही. ते मी सांगितलं होतं. खोटं सांगितलं होतं. चार लोकांनी हसावं म्हणून. माझ्या एर्सीलियाबाईंची शाळा त्यात गेली."

रुजेरो घाईघाईने म्हणाला, "अहो, निदान थोडं तरी मारत असतील!"

"ठोके मारायच्या. जमिनीवर."

दुसऱ्या दिवशी ही बातमी आतल्या पानावर, दोन बोटे जागेत आली. नवा चित्रपट जुन्याइतका चालला नाही. पण नृत्यरचनेपुढे एर्सीलिया बोनाउदो हे नाव आले, ते लिव्हियाने मोठ्या अक्षरांत टाकले होते.

आणि एका गुरुवारी नीवेसची घंटा वाजली. दारात पन्नाशीच्या पुढची एक बाई उभी होती.

"मी रोझाल्बा. माझ्या आईने मला सगळ्यांत आधी शाळेतून काढलं होतं."

नीवेसचा चेहरा उतरला. "तुला माझा राग आला असेल."

"आलाय. पेपर वाचून तर फारच आला. दोन दिवस कुणाशी बोलले नाही." रोझाल्बा थांबली. "पण माझा नाच अर्धा राहिलाय गं."

"आत ये," नीवेस म्हणाली. "बूट काढ."

आता दर गुरुवारी सकाळी चर्चच्या सभागृहात सात बायका जमतात. त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा मोठ्याने वाजतात, आणि त्यावरून एकमेकींना चिडवण्यात पहिली दहा मिनिटे जातात. माझे टोपण नवे आहे. मी सुखात आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू अडगळीत टाकू नका, हे तर मी सांगणारच. पण काठीला चाळीस वर्षे थांबता येते, माणसाला येत नाही. तुमच्या तोंडून कोणाविषयी खोटे निघून गेले असेल, तर ते माणूस आहे तोवर त्याच्याकडे जा. बाई राहत होत्या त्या डोंगरातल्या गावाला तुरीनहून रोज तीन बस सुटत. सहा वर्षे सुटत होत्या.