ज्यानं उघडला, त्यानंच मिटायचा

आमच्या डॅडींच्या हाताचं कौतुक ऐकलं की माझं डोकं फिरतं. ‘ऑर्विलचा हात हलका. गोऱ्हा खच्ची झाला तरी त्याला पत्ता लागत नाही.’ दर मे महिन्यात, वासरांच्या डागणीच्या दिवशी, शेजारच्या रँचवरचं कोणी ना कोणी हे बोलतंच, आणि डॅडी टोपी मागे सारून गालातल्या गालात हसतात. हात कसला हलका? धार चांगली आहे. आणि ती धार गेली बावीस वर्षं मी लावतेय.

चाकू आजोबांचा. तीन पात्यांचा, पिवळट हाडाच्या मुठीचा, जीन्सच्या खिशात मावेल एवढा. लांब पातं दोर आणि पोती कापायला. घोड्यावर असताना दोराचा वेढा पायाला बसला तर तेच जीव वाचवतं, म्हणून चाकू कायम उजव्या खिशात. सरळ धारेचं पातं चामड्याला. आणि तिसरं, बोथट टोकाचं, फक्त गोऱ्ह्यांसाठी. त्यानं आमच्या घरात कोणी सफरचंदसुद्धा कापलेलं नाही.

या चाकूचा एक नियम आहे. ज्यानं उघडला, त्यानंच मिटायचा. दुसऱ्यानं मिटला की घराला वाईट. त्यामुळे डागणीच्या आदल्या संध्याकाळी डॅडी तिसरं पातं उघडून चाकू मोरीवरच्या खिडकीत ठेवतात, शेजारी धारेचा दगड. तोंडानं एक शब्द नाही. मी धार लावून तो तसाच उघडा परत ठेवते. सकाळी ते पात्यानं मनगटावरचे चार केस काढून बघतात, मिटतात आणि खिशात टाकतात. तेव्हाही शब्द नाही.

या वर्षी आदल्या रविवारी, चर्चहून आल्यावर जेवताना, ते म्हणाले, “पहिले डझनभर गोऱ्हे मी करीन. मग चाकू कोल्बीकडे.”

कोल्बी हा माझ्या गेलेल्या भावाचा मुलगा. तिशीचा. ओमाहात फरशा विकतो आणि वर्षातून तीन दिवस सुरकुतीसुद्धा न पडलेले बूट घालून इथे येतो. आजोबांनी डॅडींच्या हातात चाकू दिला तोही डागणीलाच, आणि त्याच पानगळीत रँच डॅडींच्या नावावर झालं होतं. टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला अर्थ कळला. मला वाटलं, वा, आयत्या बिळावर नागोबा. पण त्या बिचाऱ्याचाच चेहरा लाल झाला.

“आजोबा, मला येत नाही ते,” तो म्हणाला. “लॉरीनआत्याला द्या ना.”

“तुला येईल. पुरुषाच्या हाताला ते आपोआप येतं.”

बटाट्याचं भांडं मी टेबलावर आदळलं. थंडीच्या मध्यरात्री अडलेल्या गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालते तो कोणाचा हात असतो? बर्फात घोडी घालून चुकलेली जनावरं कोण हाकून आणतं? एक्कावन्न वर्षांची झाले मी. डॅडींनी ग्रेव्ही मागितली.

डागणीच्या आदल्या संध्याकाळी चाकू नेहमीसारखा खिडकीत आला. मी दगड उचलून माझ्या खिशात टाकला आणि चाकूला हात लावला नाही. म्हटलं, मागा आता. एकदा तोंड उघडून म्हणा, लॉरीन, धार लावून दे. एवढंच म्हणा, लगेच लावते.

सकाळी मी कॉफी ओतत होते. डॅडींनी पातं मनगटावर फिरवलं. पुन्हा एकदा फिरवलं. मग चाकू मिटला, खिशात टाकला आणि खोगीर घ्यायला गेले. एक्क्याऐंशीव्या वर्षी नजर गेली असेल, कळलं नसेल, असं मी धरून चालले.

सात वाजता शेजारपाजारचे घोडेस्वार आले. ते वासरांच्या मागच्या पायांत फास टाकतात, घोड्यामागे ओढत जाळाजवळ आणतात, दोघं जण वासराला दाबून धरतात. एक जण तापल्या लोखंडानं रँचच्या खुणेचा डाग देतो, मी लशीची सुई टोचते, गोऱ्हा असेल तर डॅडी चाकू घेऊन गुडघ्यावर बसतात.

डॅडींनी खिशातून चाकू काढून पातं उघडलं. पहिल्या गोऱ्ह्याचं कातडं पात्याखाली नुसतं ओढलं गेलं. एका झटक्यात व्हायचं काम त्यांना करवतीसारखं घासून करावं लागलं. गोऱ्हा असा ओरडला की कुंपणापलीकडे त्याची आई फाटकावर धडका मारायला लागली. वासराचे पाय धरून बसलेल्या शेजारच्या बर्निस टॉलीनं माझ्याकडे बघितलं. दुसरा तसाच. तिसरा, चौथा तसाच.

माझा हात खिशातल्या दगडावर होता. बाहेर काढला नाही. वासरांचा काय दोष होता? काही नाही. ते मला तेव्हाही कळत होतं, आणि तरी काढला नाही.

पाचवं वासरू तांबडं होतं, एका डोळ्याभोवती पांढरं कडं. त्यानं हिसका दिला, पातं घसरलं आणि डॅडींच्या डाव्या तळहातात शिरलं. बर्निसनं गळ्यातला रुमाल काढून हात करकचून बांधला. वासराचं काम अर्धवट, मागच्या पायांवरून रक्ताचा ओघळ.

“कोल्बी, घे,” डॅडी म्हणाले.

कोल्बीनं चाकू घेतला. अंगठा पात्यावरून फिरवला आणि हळूच म्हणाला, “याला धार नाहीये, आत्या.”

“इकडे दे,” मी म्हटलं.

“तिला नको. तू कर,” डॅडी म्हणाले.

“दे म्हणते ना.”

त्यानं दिला. मी एक बादली पालथी घातली, वर बसले, खिशातून दगड काढला, त्यावर थुंकले आणि सगळ्यांसमोर धार लावायला लागले. बावीस वर्षं हे काम मोरीपाशी, एकटीनं केलेलं. आता नऊ घोडेस्वार बघत होते.

“अगं, म्हणजे धार तू लावतेस?” बर्निसनं विचारलं.

“नाहीतर कोण?”

“ऑर्विल, आणि तू इतकी वर्षं हात हात म्हणून मिरवतोयस होय रे?”

डॅडींनी टोपी डोळ्यांवर ओढली.

तांबड्याचं काम मी पुरं केलं. मग पुढचे एकसष्ट गोऱ्हे. दुपारपर्यंत काढलेल्या अंडांनी बादली भरली. कोणी हाताचं कौतुक केलं नाही. मला ते नकोच होतं.

सगळे बीन्स आणि भाजलेल्या मांसावर तुटून पडले तेव्हा मी चाकू धुतला आणि उघडाच घेऊन डॅडींकडे गेले. ते पिकअपच्या मागच्या फळीवर एकटेच बसले होते. ताटाला हात लावला नव्हता.

“मी धार लावली नव्हती. मुद्दाम,” मी म्हटलं.

“माहितीये.”

“कधीपासून?”

“सकाळपासून. एक केस निघाला नाही.”

मी कुंपणाकडे बोट केलं.

“मग तसाच वापरलात? त्या मुक्या जनावरांवर?”

“तू बोलशील म्हणून थांबलो होतो.”

“मी तुम्ही मागाल म्हणून थांबले होते.”

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे मी आयुष्यभर त्यांच्याबद्दल म्हणत आले. तोच पीळ माझ्यात आहे, हे त्या दिवशी पाच वासरांनी सोसून दाखवलं. कुंपणाजवळ तांबडं वासरू मागचे पाय फाकवून उभं होतं. आई त्याला चाटत होती आणि ते दूध पीत नव्हतं.

मी चाकू पुढे केला. डॅडींनी घेतला नाही.

“मिट तो,” ते म्हणाले.

“उघडलात तुम्ही.”

“मला ठाऊक आहे कोणी उघडला ते. मिट.”

पलीकडे कोल्बीनं घास तोंडाशी नेता नेता हात थांबवला. बर्निसनं पण. मी पातं मिटलं. खटकन आवाज झाला. चाकू मी त्यांच्या हातात दिला नाही, माझ्या उजव्या खिशात टाकला. त्यांनी तो मागितला नाही.

राग जाईल असं वाटलं होतं. गेला नाही. या चाकूसाठी त्यांचा हात फाटावा लागला, पाच वासरांचे हाल व्हावे लागले, आणि त्यातला अर्धा हिशेब माझ्याच नावावर होता.

मी वळले तेव्हा ते मागून म्हणाले, “लॉरीन, जरा धार लावून ठेव त्याला.”

बावीस वर्षं मी जे ऐकायला थांबले होते, तेच शब्द.

“माझ्या चाकूचं काय करायचं ते मी बघेन,” मी म्हटलं, आणि तांबड्या वासराकडे गेले.