नोलाचा कार्प

नोला हॉस्किनचं नाव शनिवारी फिशिंग क्लबच्या फळ्यावर सोनेरी अक्षरांत लागलं. तसं काही झालेलं नाही. शनिवारी तिच्या नवऱ्याने, लिंडसेने, गॅरेजमधल्या फ्रीझरचं झाकण उघडलं, आणि शेजारचा कुत्रा कुंपण ओलांडून दुसऱ्या गल्लीत राहायला गेला. झालं ते एवढंच.

जानेवारी म्हणजे तिथला ऐन उन्हाळा; त्यात चार दिवस वीज नव्हती. फ्रीझरमध्ये सहा वर्षं ठेवलेला कार्प होता. जिवंतपणीच ज्याला चिखलाचा वास येतो, नदी नासवतो म्हणून गावकरी ज्याला पकडून थेट खतात टाकतात, तो मासा. त्याचं पोट फुगून हिरवट झालं होतं. एक डोळा सुटून आइस्क्रीमच्या डब्याला चिकटला होता. तळाशी साचलेलं तपकिरी, तेलकट पाणी लिंडसेने बादलीत काढून ठेवलं होतं.

क्लबची सेक्रेटरी ग्लेनिस दारातच थांबली. तिने टोपी काढून नाकावर दाबली.

“लिंडसे, बाबा रे, हे अजून आहे?”

“वजनकाटा आणलास?”

“दर वर्षी नाही म्हणतो ना आम्ही? स्पर्धेला तुम्ही सात मिनिटं उशिरा आलात. संपलं.”

“नियम बारावा. मासा अख्खा हवा. ताजा हवा असं कुठे लिहिलंय?”

“ते लिहावं लागेल असं कुणाला वाटलं होतं का?”

“फळ्यावर त्या वर्षीचा विजेता म्हणून बॅरी आहे. आठ किलो. हा नऊचा होता.”

“होता ना! आता अर्धा बादलीत आहे.”

“मग बादलीसकट कर वजन.”

ग्लेनिस बाहेर गेली, लिंबाच्या झाडामागे ओकली आणि तोंड पुसत परत आली.

“तुला तर माशाचा वास सहन होत नाही. क्लबच्या जेवणाला तू सॉसेज घेऊन रस्त्यावर उभा राहायचास. नोला काय हसायची तुला.”

नोला त्या स्पर्धेनंतरच्या हिवाळ्यात गेली होती. लिंडसेने घशाशी आलेलं गिळलं आणि उघड्या हातांनी मासा उचलला. कल्ल्यातून काहीतरी ओघळून त्याच्या बाहीत शिरलं. त्याने बाही झटकली नाही.

ग्लेनिसने त्या बाहीकडे बघितलं.

“लेखी दे,” ती म्हणाली. “समितीपुढे ठेवते.”

समितीत तिच्याशिवाय बॅरी होता, आणि बॅरीचा मेहुणा.

अर्ज सोमवारी आला. तो उघडण्याआधी खिडक्या उघडाव्या लागल्या.

“विषय: दिवंगत नोला हॉस्किन यांच्या माशाची नोंद.

महोदय, स्पर्धेच्या दिवशी झालेला उशीर स्पर्धकामुळे झालेला नाही. गाडीला वास लागेल म्हणून तिच्या नवऱ्याने वाटेत गाडी थांबवली, मासा तीन पिशव्यांत गुंडाळायला लावला, आणि चौथी पिशवी आणायला तो दुकानात गेला. स्पर्धक गाडीत घड्याळ बघत बसली होती. ती काही बोलली नाही.

तरी सदर सात मिनिटं नवऱ्याच्या आयुष्यातून वजा करून स्पर्धकाच्या वेळेत जमा करावीत, व माशाचं वजन द्रवासह ग्राह्य धरावं, ही विनंती.

सोबत: बादली एक.”