चार शिवणी मिळतात तिथे

पस्तीस वर्षं पँट शिवतोय. माणसाचं अंग मला पाठ आहे. छाती, पोट, सीट, मांडी, आसन, खाली पायाशी मोहरी. आसन मोजताना टेप दोन मांड्यांच्या मधून मागे घ्यावा लागतो, आणि तेव्हा वकील असो नाहीतर हमाल, सगळे एकजात छताकडे बघतात. पण शब्द ऐकून कुणी लाजत नाही. आमच्या धंद्याचे शब्द इस्त्री करून ठेवलेले असतात.

तर त्या दिवशी दुपारी माझा थोरला भाऊ, दादा, दुकानात आला. शाळेत कारकून होता, आता पेन्शनीत. साखरेचा आजार, स्वभाव मात्र कडू. पिशवीतून पँट काढून म्हणाला, "आसन ढिलं करून दे. घासतंय."

मी पँट उलटी केली. देवाशपथ सांगतो, लोकांच्या न धुतलेल्या पँटी मी जन्मभर हाताळल्यात. घाम, तंबाखू, कुत्र्याचे केस, काय काय बघितलंय. पण हे? आसनाला खळीसारखा पिवळा-हिरवा पापुद्रा धरलेला, मधोमध तपकिरी रक्त. वास म्हणाल तर कपाटामागे उंदीर मरून आठवडा झालाय असा. मी पँट हातभर लांब धरली.

"दादा, हे काय?"

"चहा सांडला."

"आसनात? कपावर बसला होतास काय?"

"तुला काम करायचंय की पंचायत?"

"कुठे काय झालंय ते सांग आधी."

"जरा फोड आहे. तिकडे."

"तिकडे म्हणजे कुठे? शेजारच्या गल्लीत?"

खुर्ची दिली तर बसेना. अंगाला हात लावला, तर तवा. मी शटर ओढलं, पँट पिशवीत कोंबली, वहिनीला फोन करून बोलावलं आणि दादाला कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वहिनी येऊन बाहेर बाकावर बसली, आम्ही दोघं आत.

"काय होतंय काका?" बाई आमच्या मुलीच्या वयाची.

"कंबर दुखते," दादा म्हणाला.

"काही वजन उचललं होतं?"

"हो. बादली."

तिनं मलम लिहायला घेतलं. साखरेचा माणूस, अंगात ताप, खाली पू, आणि हा कंबरेला मलम घेऊन घरी जाणार! असं डोकं फिरलं माझं! म्हटलं, "बाई, कंबर नाही हो. ह्यांना ते... म्हणजे खाली..." आणि माझीच गाडी अडली. माझ्याकडे दोनच तऱ्हेचे शब्द. एक, दुकानासमोर स्कूटर आडवी लावणाऱ्यावर फेकायचे. दुसरे दवाखान्याच्या भिंतीवर छापलेले, जन्मात कधी तोंडातून न काढलेले. आणि दादाच्या 'तिकडे'ला हसत होतो मी मघाशी! थू माझ्या जिभेवर.

मग पिशवी उघडली. तीच पँट उलटी करून तिच्या टेबलावर पसरली, थेट कागदांवर, आणि बोट ठेवलं. "इथे. चार शिवणी मिळतात ना, बरोब्बर तिथे."

बाई वाकली. वास नाकात गेला असणार, कारण ताडकन उठून तिनं हातमोजे चढवले. "काका, पडद्यामागे चला."

दादानं माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी त्याला चौकात नागडा केलाय. पडदा अर्धाच लागला होता. बघायला नको होतं, बघितलं. लिंबाएवढं गळू, मधे काळं पडलेलं, कडेनं पाझरतंय. मी बेसिन गाठलं.

हात धुऊन बाई म्हणाली, "आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात. आत सडायला लागलंय. उद्यावर टाकलंत तर हा माणूस हाती लागायचा नाही." चिठ्ठी दिली.

मोठ्या दवाखान्यात दारातच एक नर्स टेबल टाकून बसलेली. हाडवाले डावीकडे, तापवाले उजवीकडे, कापाकापीवाले सरळ. चिठ्ठी तिनं उजेडात धरली, उलटी केली, परत सुलटी केली. "हे अक्षर ज्यानं लिहिलं त्याला तरी लागेल का? तोंडानं सांगा, काय होतंय?"

दादानं शेजारी उभ्या वहिनीकडे बघितलं. "कं... कंबर..."

नर्सनं डावीकडे बोट केलं. तिथे चाळीसेक माणसं, कुणाचा पाय फळीवर, कुणाचा हात झोळीत. संध्याकाळपर्यंत नंबर लागला नसता. मी तोंड उघडतच होतो, तेवढ्यात दादा ओरडला. जन्मात शिवी न दिलेला माणूस, अख्खी रांग वळेल असा ओरडला, "गांड आणि गोट्यांच्या मधे! तिथे गळू झालंय! पू येतोय!"

एक म्हातारा फिसकन हसला. नर्सनं मानसुद्धा वर केली नाही. लिहीत होती.

"कधीपासून?"

"चार दिवस," दादा पुटपुटला.

"वीस," वहिनी म्हणाली. "रोज चादर उकळत्या पाण्यात कोण टाकतंय? माझ्या हाताचा वास जात नाही, घास तोंडाशी नेववत नाही. हे आपणहून सांगतील म्हणून मी गप्प, मी विचारीन म्हणून हे गप्प."

शिसारी आली मला. पुवाची नाही, पू बिचारा निदान बाहेर तरी येत होता.

नर्सनं चार खोडलं, वीस लिहिलं आणि सरळ आत बोट दाखवलं.