जिन्याखालची हरकतींची पेटी

मी पेटी बोलतेय. कार्यालयाच्या दारातली, 'हरकती व सूचना' लिहिलेली. सुताराने माझ्या तोंडाची फट तीनदा घासली होती, कुणाच्या बोटाला टोचू नये म्हणून. त्याचे उपकार आहेतच. पण दहा वर्षांत त्या फटीतून आलं काय, तर बसची जुनी तिकिटं!

मग नोटीस लागली. शहरभर चेहरे ओळखणारे सरकारी कॅमेरे बसणार. ज्याला काही म्हणायचंय, त्याने महिन्याभरात चिठ्ठी टाकावी, नाव लिहायची गरज नाही. हरकत आलीच नाही, तर सगळ्यांची संमती धरली जाईल. मी हरखून गेले. आणि त्याच आठवड्यात नमुन्याचा पहिला कॅमेरा बसवला, तो नेमका माझ्या डोक्यावर.

लोक यायचे, खिशात हात घालायचे, वर बघायचे आणि तसेच परत फिरायचे. एक शिक्षिका तर चार वेळा येऊन गेली. तीन दिवस उरले तरी माझं पोट रिकामंच. साहेबांनी 'हरकत नाही' असा अहवालही लिहून ठेवला.

त्या सकाळी झाडलोटीच्या मावशींनी फरशी पुसता पुसता मला उचललं आणि जिन्याखाली, पिण्याच्या नळाशेजारी नेऊन ठेवलं. तिथे कॅमेऱ्याची नजर पोचत नव्हती. या कानाची बातमी त्या कानाला गेली आणि लोकांना भलतीच तहान लागायला लागली.

कुणी लिहिलं, 'कॅमेरे हवेत, माझा हरवलेला भाऊ लवकर सापडला असता.' कुणी लिहिलं, 'मी मोर्चाला जातो, माझा चेहरा कशाला टिपता?' एकाने नुसतं 'अजून ठरत नाही' लिहिलं. माझं पोट टम्म फुगलं. शेवटच्या संध्याकाळी मावशींनीही घडी घातलेला एक कागद आत सरकवला.

साहेबांनी विचारलं, "पेटी इथे कशी?"

"फरशी ओली होती साहेब. लाकूड भिजलं असतं."

"तीन दिवस ओली?"

"रोज पुसते ना मी."

साहेबांनी मला उघडलं. जुना अहवाल रद्दीत गेला आणि चिठ्ठ्या टेबलावर ओतल्या गेल्या. यात मावशींचीही एक असणार, ती कोणती, म्हणून ते प्रत्येक अक्षर निरखत बसले. त्यांना काही ओळखता आलं नाही.

मावशी, तुमच्यामुळे मी पेटी झाले. तुमची चिठ्ठी कोणती, ते मला ठाऊक आहे. पण मी सांगणार नाही.