कुलूपबंद शेडमधल्या नऊ गाड्या

रविवारी सकाळी शेडचं कुलूप काढायचं होतं तेव्हा निम्मं गाव बर्फात उभं होतं. सरपंचाने आदल्या संध्याकाळी स्वतः लावलेलं मेणाचं सील नीट न्याहाळलं, तोडलं, आणि दारं ढकलली. आतून किप्रियानबाबा बाहेर आला, डोळे तांबारलेले, दाढी बेंबीपर्यंत. त्याने कोणाकडे न बघता हात वर केला. नऊ गाड्यांचे नऊ मालक त्याला ओलांडून आत धावले. आतून कोत्से खाटकाचा घोगरा आवाज आला, "बॅटरी भरली रे. काठोकाठ भरली."

एकेक करून बाकीच्या आठांनीही तेच सांगितलं. बाहेर बायकांनी छातीवर क्रूस काढले. कोणीतरी रडायलाच लागलं.

वेलिच्काबाई नवऱ्याच्या दंडाचा आधार घेऊन मागे उभ्या होत्या. पाय सुजलेले, बुटांच्या नाड्या सोडलेल्या. तीस वर्षं त्यांनी ह्याच गावात शास्त्र शिकवलं होतं, आणि आता क्रूस काढणारे निम्मे हात त्यांच्याच वर्गात वर होत असत. म्हणजे थोडा दोष आपलाही, असं त्यांच्या मनात आलं. शेजारी, आपली गाडी बघून परत आलेल्या नवऱ्याच्या, अस्पारुखच्या, डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पाण्याची त्यांना फार भीती वाटली.

गाड्या साऱ्या जर्मनीहून आणलेल्या, जुन्या, अर्ध्या पेट्रोलवर नि अर्ध्या विजेवर चालणाऱ्या. त्यांची स्क्रीन जर्मनच राहिली होती. भाषा बदलायला गेलो आणि काही बिघडलं तर, ह्या धाकाने कोणी हात लावला नाही. सगळ्यांना एकच आकडा वाचता येई: शंभर किलोमीटरला किती लिटर. दर रविवारी चर्च सुटलं की पुरुष मंडळी पारावर जमल्यासारखी गाड्यांभोवती जमत आणि आकडे सांगत. माझी दीड, माझी सव्वा, तुझी दोन म्हणजे तुला चालवताच येत नाही. घरून भरलेली वीज कोणी धरतच नसे. पेट्रोल भरायचे पुरुष, विजेचं बिल पडायचं बायकांच्या हातात, आणि बायकांना ह्या रविवारच्या दरबारात विचारतो कोण? अर्धा हिशेब गिळून अर्ध्या आकड्यावर मिशीला पीळ. किप्रियानला आयतंच कुरण मिळालं.

हा किप्रियान पूर्वी शहरात गाड्यांचं वायरिंग करायचा. दोन वर्षं मठात राहून आला तो तांब्याची वेटोळी घेऊन. पेट्रोलच्या नळीला वेटोळं बांधायचं. "तांबं पेट्रोलला प्रार्थना शिकवतं," तो सांगे. "थेंबाला शांती मिळाली की तो थेंब थकत नाही, आणि उरलेली ताकद बॅटरीत जाते." थेंबाला शांती! बरं, रिकामी बॅटरी एका रात्रीत भरायची तर पथ्यंही होती. शनिवारी बॅटरी पार रिकामी करून आणायची, घरी प्लग लावायचा नाही, किल्ल्या बाबाकडे द्यायच्या, आणि रात्रभर आत बाबा नि देव सोडून कोणी नको. शेडची वीज तर सहा वर्षांपूर्वीच तोडलेली, मागची लाकूडगिरणीही बंद. म्हणजे शंकेला जागाच नाही, असं गाव म्हणे.

इथवर असतं तर वेलिच्काबाई हसल्या असत्या. पण गुरुवारी बाबा त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊन वर्ष झालं होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, घाट उतरून साठ किलोमीटरवर इस्पितळ, आणि चार तास डायलिसिसच्या यंत्राला जोडलेलं रक्त. गाडी चालवायचा एकाहत्तरीचा अस्पारुख. बर्फात घाट तो गोगलगायीसारखा उतरे, आणि घरी आल्यावर बूट न काढताच खाटेवर पडे.

बाबाने चीज भरून भाजलेल्या बानित्साचा दुसरा तुकडा संपवला आणि म्हणाला, "रिकामी बॅटरी भरते, तर रिकामं अंग का नाही भरणार? तीन आठवडे यंत्र बंद. वेटोळं कमरेला. यंत्र शरीराला आळशी करतं."

वेलिच्काबाईंनी सरळ सांगितलं, आठवडाभर यंत्र चुकलं तर फुप्फुसात पाणी भरतं आणि हृदय थांबतं, डॉक्टरांनी हे दोघांच्या समोर सांगितलंय. अस्पारुखने बाबाचं ताट उचललं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "रविवारी नऊच्या नऊ भरल्या, तर सोमवारी आपण जायचं नाही. मी शब्द दिलाय."

"माझ्या जिवावर?"

त्याने ताट विसळायला घेतलं. चाळीस वर्षांत ह्या माणसाने त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. गाडीची किल्ली त्याच्या खिशात, घाट उतरणारी बस बर्फामुळे बंद. वाईट माणसाशी भांडता येतं, थकलेल्या माणसाशी कसं भांडणार?

शुक्रवारी यंत्रावर पडल्यापडल्या त्यांनी गाडीचं जाडजूड जर्मन पुस्तक आणि शब्दकोश पोटावर ठेवला. एका हातात सुया, दुसऱ्या हाताने पानं. चार तासांत अकरा पानं झाली, पण हवं ते पान सापडलं.

आणि आता रविवार. बाबा पायरीवर चढला. उद्यापासून ही बाई यंत्राला हात लावणार नाही, असं त्याने जाहीर केलं. गर्दी त्यांच्याकडे वळली. अस्पारुखने कोटाच्या खिशातून तांब्याचं वेटोळं काढलं.

"बांधते," वेलिच्काबाई म्हणाल्या. "आधी मला आपल्या गाडीत बसव."

बाबा म्हणाला, गाडी अजून पवित्र आहे, बाईमाणसाने हात लावू नये. पण आजारी म्हातारीला अडवणार कसा? त्या बसल्या. स्क्रीनवर तिसरं चित्र दाबलं, मग खालची ओळ. एक छोटा प्लग दिसला, त्याच्यापुढे तारीख, वेळ आणि विजेचं माप.

"कोत्से, वर्गात तुला घड्याळ मीच शिकवलंय. वाच."

कोत्सेने वाकून वाचलं. "शनिवार. रात्री नऊ ते साडेबारा." त्याने मान वर केली. "बाई, हे काय आहे?"

"गाडी कधी प्लगला लावली होती त्याची नोंद. गाडी स्वतःच ठेवते. आता सगळे आपापल्या गाडीत बसा. तिसरं चित्र, खालची ओळ. मोठ्याने सांगा."

शेडच्या अंधारातून आवाज येऊ लागले. नऊ ते साडेबारा. नऊ दहा. सव्वानऊ. कोणाची साडेबारानंतर सुरू होऊन पहाटे चारपर्यंत. नववा आवाज आला तेव्हा बाहेरची गर्दी दारात दाटली होती.

किप्रियान हसला. देवाने दिलेली वीजच यंत्राने टिपली, म्हणाला.

"देवाला लाकूडगिरणीची वायर लागते का रे?" बाईंनी विचारलं. "शेडची लाईन तुटली आहे, मागच्या बंद गिरणीची नाही, तिथला दिवा अजून रात्री लागतो. त्या बाजूच्या भिंतीला ह्या फळ्या कशाला? उचला."

कोत्सेने मागच्या भिंतीजवळच्या फळ्या उचलल्या. मनगटाएवढी जाड केबल भिंतीच्या भोकातून आत आली होती, तिला पाच फाटे, आणि फाट्यांच्या टोकांना गाडीत लावायचे प्लग होते. रात्रभर बाबा एका गाडीतून काढून दुसरीत लावत बसला होता. डोळे तांबारले ते त्याने.

लोक त्याच्या अंगावर धावले. वेलिच्काबाईंनी तिकडे पाहिलंच नाही. त्या अस्पारुखकडे बघत होत्या. तो अजून वेटोळं धरून उभा होता.

"मला हे खरं असायला हवं होतं," तो म्हणाला. "घाटाची भीती वाटते गं मला. दर वेळी वाटतं, आज मीच तुला मारणार."

"मग तसं सांगायचं. कोत्से नेईल, सरपंच नेईल, नऊ गाड्या आहेत गावात. गाडी थांबली तर ढकलता येते. मी थांबले तर कोण ढकलणार?"

कोत्से खाली मान घालून म्हणाला, सोमवार माझा. मग दुसरा बोलला, बुधवार माझा. शुक्रवारसाठी तर दोघांत वाद झाला.

त्या गडबडीत किप्रियान गिरणीमागून निसटला. दरीपलीकडच्या गावात त्याला पाहिल्याचं नंतर कोणीतरी सांगितलं. तिथे अशा गाड्या नाहीत म्हणे. पण आजारी माणसं आणि त्यांना वाहून थकलेली माणसं तिथेही आहेत, आणि बाबांचं पीक गाड्यांवर नाही, त्या थकव्यावर येतं. म्हणून सांगतो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, काय मोजलं आणि काय मोजायचं सोडून दिलं. दार बंद का हवं, किल्ली त्याच्याकडे का हवी, हे विचारा. आणि जो कोणी औषध सोड, यंत्र सोड म्हणेल, त्याला घरात घेऊ नका. त्याची चूक त्याला भोवत नाही, ती तुमच्या माणसाला भोवते.