बाळंतिणीचं पाणी

लेकीच्या, रंजिताच्या बाळंतपणासाठी कौशल्याबाईंनी गॅस गिझर मागवला होता. पण रंजिता काल दवाखान्यातून बाळाशिवायच घरी आली.

टेकचंद फिटरला हे ठाऊक नव्हतं. त्यानं गिझर बसवून गॅसनळीच्या जोडावर साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा आला नाही.

"बंद न्हाणीत जीव गुदमरते काकू, म्हणून बाहेरच्या भिंतीवर लावला. आता बाळाले बिनधास्त न्हाऊ घाला."

आतून रंजिता ओरडली, "काढून ने तो गिझर! लेकरूच नाही राह्यलं, त कोणाले पाह्यजे गरम पाणी?"

टेकचंदनं खाली मान घालून पाना उचलला.

"हात नको लावू!" कौशल्याबाई कडाडल्या. त्यांनी बादली भरली, कोपर बुडवून पाणी पाहिलं आणि रंजिताला धरून उठवलं.

"लेकरू गेलं, माय. पण तू त बाळंतीणच आहे ना!"